बाहेर काढलेली माणसे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे वाढवून)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते. ते तुम्हांला माझ्याइतकेच, किंबहुना माझ्यापेक्षा अधिक कळते. कळत नसते तर दुकाने बंद ठेवून आणि घरची कामे टाकून तुम्ही आज इथे येऊन बसला नसता. म्हणून त्या विषयाला मी हात घालत नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. मला जे थोडेफार येते ते पुस्तकांतले. तेव्हा आज मी तुम्हांला काही कादंबऱ्यांतली माणसे भेटवणार आहे. ही सगळी माणसे त्यांच्या त्यांच्या समाजाने बाहेर काढलेली आहेत. त्यांना का बाहेर काढले हे पाहिले की तो समाज कसा आहे ते कळते, एवढेच मला सांगायचे आहे. कंटाळा आला तर मागे चहाची सोय आहे.

इ. स. १५१६ मध्ये टॉमस मोर नावाच्या इंग्रज विद्वानाने एका आदर्श राज्याचे वर्णन लिहिले आणि त्या राज्याला 'युटोपिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेतून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ 'कुठेच नसलेली जागा'. पुढे लेखकांनी याच्या उलट राज्येही रंगवली. तिथे वरवर सगळे सुरळीत असते. पोटाला अन्न असते, कपडे असतात, शिस्त असते, आणि तरीही माणसाचा जीव गुदमरतो. अशा कथांना 'डिस्टोपिया' म्हणतात. ही उद्याची दुःस्वप्ने आहेत असे समजा. लेखक सांगतो उद्याचे, पण त्याचे बोट आजच्याकडे असते.

आपल्याकडे 'वाळीत टाकणे' हा शब्द लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या घराशी बोलायचे नाही, त्यांच्या लग्नाला जायचे नाही, त्यांच्या मयताला खांदा द्यायचा नाही. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, म्हणजे ही गोष्ट काही आजोबांच्या जमान्यात संपलेली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली पाक्षिक काढले त्याचे नावच 'बहिष्कृत भारत' होते. गावाचे नियम कुठे लिहिलेले नसतात. पण गावाने कोणाला वाळीत टाकले आणि कशासाठी, एवढे विचारा; त्या गावात कशाला मान आहे आणि कशाची भीती आहे ते समजेल. कादंबरीकार नेमका हाच प्रश्न आपल्या कल्पित राज्याला विचारतो.

पहिली गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती शाळेची आणि पुस्तकांची आहे. रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. इतक्या तपमानाला कागद पेट घेतो, असा त्या नावाचा अर्थ. ब्रॅडबरीला परिस्थितीमुळे कॉलेजात जाता आले नाही. त्याचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. ही कथाही त्याने लॉस एंजलिसच्या विद्यापीठातील ग्रंथालयाच्या तळघरात बसून लिहिली. तिथे भाड्याचे टाइपरायटर होते, अर्ध्या तासाला १० सेंट. तो नाणी टाकत गेला आणि लिहीत गेला. फी भरताना ज्यांचा हात खिशात अडखळतो त्या पालकांनी हे लक्षात ठेवावे म्हणून मुद्दाम सांगितले.

या कादंबरीत आगीचा बंब आग विझवायला जात नाही, लावायला जातो. घरे आता आगीपासून सुरक्षित झाली आहेत, त्यामुळे बंबवाल्यांना नवे काम दिले आहे: ज्याच्या घरात पुस्तक सापडेल त्याचे घर पुस्तकांसह जाळायचे. माँटॅग हा असाच एक बंबवाला. वय तीस, नोकरी पक्की, घरी बायको. बायकोच्या कानांत दिवसरात्र शिंपल्याएवढे रेडिओ खोवलेले असतात. बैठकीच्या खोलीत तीन भिंतींभर टेलिव्हिजन आहे आणि तिला चौथी भिंतही हवी आहे. तिची किंमत दोन हजार डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. १९५३ सालचे हे लिखाण आहे. आता आपापल्या घरातली मुले, त्यांच्या कानांतली ती बोंडे आणि मोबाइलचे हप्ते डोळ्यांसमोर आणा. मी काही बोलत नाही. माझ्याही घरी हप्ता चालू आहे.

या माँटॅगच्या शेजारी क्लॅरिस नावाची सतराच्या घरातली मुलगी राहायला येते. कादंबरीतली पहिली बाहेर काढलेली व्यक्ती ती. तिचा गुन्हा काय? ती पायी फिरते. पाऊस पडला की तोंड वर करून त्याची चव घेते. माणसांच्या चेहऱ्याकडे बघते. गाड्या इतक्या वेगाने धावतात की चालवणाऱ्यांना गवत म्हणजे एक हिरवा पट्टा एवढेच ठाऊक. रस्त्याकडेच्या जाहिराती वाचता याव्यात म्हणून त्या दोनशे फूट लांब कराव्या लागल्या आहेत. अशा गावात ही पोरगी पहाटेच्या दवाविषयी बोलते. तिचा काका एकदा महामार्गावर ताशी चाळीस मैल वेगाने, म्हणजे फार सावकाश, गाडी चालवत होता म्हणून दोन दिवस तुरुंगात बसून आला. दुसऱ्यांदा त्याला पकडले ते पायी चालल्याबद्दल. त्यांच्या घरी रात्री दिवे चालू असतात आणि सगळे एकत्र बसून गप्पा मारतात. शेजारपाजारी हे एवढेच एक घर असे. या मुलीला मानसोपचारासाठी डॉक्टरकडे जावे लागते, कारण ती समाजात मिसळत नाही असा शाळेचा शेरा आहे. गंमत पाहा, दिसेल त्याच्याशी बोलणारी तीच, आणि मिसळत नाही तीही तीच!

क्लॅरिस आपल्या शाळेचे वर्णन करते ते ऐकताना शिक्षक म्हणून मला घाम फुटतो. तिथे दूरदर्शनवरून तास होतात, खेळ होतात, नक्कल करून लिहिणे होते. पण कोणी प्रश्न विचारत नाही. उत्तरे तेवढी मुलांच्या अंगावर फेकली जातात. दिवस संपतो तेव्हा मुले इतकी दमलेली असतात की झोपणे किंवा काहीतरी मोडतोड करणे एवढेच त्यांना उरते.

आणखी एक बारीक गोष्ट तिच्या काकाच्या तोंडून येते. पूर्वी घरांना पुढे ओटा असायचा. संध्याकाळी माणसे तिथे बसायची, बोलायची, कधी नुसतीच विचार करीत बसायची. नव्या घरांतून तो ओटा काढून टाकला. दिसायला बरा दिसत नाही हे निमित्त. खरे कारण असे की बसून बोलणारी माणसे नको होती. आपल्या जुन्या घरांना ओटी होती, पडवी होती. आता नवी घरे बांधतो तेव्हा जागेअभावी म्हणा, चोरीच्या भीतीने म्हणा, आपण थेट लोखंडी जाळी लावतो. आपल्याला कोणी हुकूम केला नव्हता. त्या कादंबरीतही बंबवाल्यांचा प्रमुख कॅप्टन बीटी हेच सांगतो: पुस्तकबंदी सरकारने वरून लादली असे झालेच नाही. आधी लोकांनीच वाचणे सोडले. जाड पुस्तकाचे बारीक झाले, बारकाचा सारांश झाला, सारांशाच्या दोन ओळी झाल्या. कोणाला दुखवणारा मजकूर गाळत गाळत काही शिल्लक उरले नाही. सरकारने मागाहून येऊन काडी लावली. हा बीटी स्वतः मोठा वाचलेला माणूस आहे, तोंडावर अवतरणे आहेत त्याच्या. अडाणी माणसाने पुस्तके जाळली तर समजू शकते; हा शिकून जाळतो. माझ्या मते कादंबरीतले सर्वांत भयंकर पात्र हेच.

क्लॅरिस थोड्याच पानांनंतर नाहीशी होते. गाडीखाली सापडली असावी, असे माँटॅगची बायको त्याला सहज सांगते. तेही चार दिवसांनी, आठवले म्हणून. गावात कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही.

इथे मला स्वतःचे एक सांगितले पाहिजे, नाहीतर हे सगळे परदेशातले दाखले ठरतील. सातएक वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. पुढच्याच बाकावर बसायचा. परीक्षा तोंडावर आलेली, माझा पोर्शन मागे पडलेला. मी फळ्यावर 'आयलंड' हा शब्द लिहिला. त्याने हात वर केला: सर, यातला 'एस' आपण म्हणत नाही, मग लिहितो कशाला? मी म्हटले, इंग्रजांनी तसे ठरवले आहे, लिहून घे. तो म्हणाला, पण कोणी ठरवले? वर्ग हसला. त्या आठवड्यातला त्याचा असा तिसरा की चौथा प्रश्न होता. मी त्याला बाहेर उभे केले. तास संपेपर्यंत तो व्हरांड्यात उभा होता. पुढे त्याने हात वर करणे बंद केले. वर्षअखेर त्याच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या हस्ताक्षरात शेरा लिहिला: 'वर्तनात चांगली सुधारणा'. त्याच्या वडिलांनी आनंदाने सही केली. 'फॅरनहाइट ४५१' मी त्यानंतरच्या मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्यांदा वाचली. क्लॅरिसच्या शाळेचे पान आले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. असो.

कादंबरीच्या शेवटी माँटॅग पळतो. त्याचा माग काढायला यांत्रिक कुत्रा सोडलेला असतो. तो नदीत उतरून वाहत जातो आणि जुन्या रेल्वेच्या रुळांपाशी शेकोटीभोवती बसलेली काही माणसे त्याला भेटतात. दाढी वाढलेली, कपडे साधे. पण हे जुने प्राध्यापक आहेत, लेखक आहेत, एक धर्मोपदेशक आहे. शहराने यांना हाकलले. प्रत्येकाने एकेक पुस्तक, किंवा पुस्तकाचा भाग, तोंडपाठ केलेला आहे. कागद जवळ सापडला तर जीव जाईल म्हणून वाचून झाल्यावर तो त्यांनी स्वतःच जाळला. त्यांच्यापैकी एकजण प्लेटोचे 'रिपब्लिक' आहे. माँटॅगला बायबलमधला एक भाग येतो, तर त्या भागाची जबाबदारी त्याच्यावर. आपण फार मोठे आहोत असे त्यांना वाटत नाही. आपण पुस्तकांची वेष्टणे आहोत, यापलीकडे आपले महत्त्व नाही, असे ते मानतात.

हे वाचून इंग्रज-अमेरिकन वाचकांना नवल वाटले असेल. आपल्याला का वाटावे? आपल्या वाडीत बारा-तेरा वर्षांचा मुलगा अख्खे कुरआन शरीफ छातीत घेऊन फिरतो. रमजानमध्ये तरावीहला हाफिजसाहेब पुढे उभे असतात आणि मागे दुसरा हाफिज ऐकत असतो. पुढच्याची एक आयत सरकली की मागून लुकमा मिळतो. पुस्तक माणसांत जिवंत ठेवायची ही रीत आपल्याकडे साडेतेराशे वर्षांहून जुनी आहे. ब्रॅडबरीने जे स्वप्नात पाहिले ते आपल्या मशिदीत दर रमजानला घडते. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण रुळांजवळच्या त्या माणसांनी पुस्तक पाठ केले ते एके दिवशी परत जाऊन लोकांना समजावून सांगण्यासाठी. आपण आपल्या हाफिज मुलाला पाठ झालेल्याचा अर्थ, आणि पुढे गणित, विज्ञान, कायदा शिकायची वाट मोकळी करून देतो का, हे पालकांनी घरी गेल्यावर एकमेकांना विचारावे.

आता दुसरे पुस्तक. ऑल्डस हक्सलेचे 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', १९३२ सालचे. या राज्यात माणसे जन्माला येत नाहीत, बाटल्यांत तयार होतात. आल्फापासून एप्सिलॉनपर्यंत पाच पायऱ्या आधीच ठरलेल्या. खालच्या पायरीच्या गर्भाला मुद्दाम कमी प्राणवायू देतात, म्हणजे बुद्धी खुंटते आणि पुढे हलक्या कामाची तक्रार राहत नाही. झोपेत कानाशी एकच वाक्य हजारो वेळा म्हणून मुलांना शिकवले जाते की तू ज्या पायरीचा आहेस तीच चांगली. कोणी उदास झाला तर 'सोमा' नावाची गोळी आहेच. कोणी रडत नाही, कोणी उपाशी नाही.

या राज्यात बाहेर कोण? एक बर्नार्ड मार्क्स. तो वरच्या जातीचा आहे, पण ठरलेल्या उंचीपेक्षा आठ सेंटिमीटर बुटका. तेवढ्यावरून त्याची कुजबुज होते, बाटलीत असताना याच्या रक्तात चुकून काहीतरी मिसळले असणार! जिथे माणूस साच्यातून काढतात तिथे आठ सेंटिमीटरही गुन्हा होतो. दुसरा जॉन. त्याची आई लिंडा ही लंडनची, पण न्यू मेक्सिकोतल्या आदिवासींच्या राखीव प्रदेशात हरवलेली. जॉन तिथे जन्मला. आदिवासींनी त्याला गोरा म्हणून आपल्या विधींतून हाकलले. पुढे लंडनला आणला तर तिथे तो 'रानटी' ठरला, बघायला गर्दी जमू लागली. त्याची मिळकत एकच, शेक्सपिअरच्या नाटकांची जुनी प्रत. जगाची भाषा तो त्यातून शिकलेला. त्याची आई म्हातारी, सुटलेली, दात पडलेली अशी परत येते तेव्हा त्या चकचकीत राज्यातल्या लोकांना किळस येते. म्हातारपण त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. लिंडाला गोळ्या देऊन निजवून ठेवतात आणि ती तशीच मरते. आई मेली म्हणून जॉन रडतो, याचाही तिथे सर्वांना धक्का बसतो. तिकडच्या त्या सुखी राज्याविषयी मला जे कळायचे ते या एका मरणातून कळले.

त्या राज्याचा एक सूत्रधार आहे मुस्तफा माँड. नाव ऐकून दचकू नका. हक्सलेने पात्रांची नावे त्या काळच्या पुढाऱ्यांच्या आणि कारखानदारांच्या नावांवरून बेतली आहेत. हा माँड तरुणपणी स्वतः बंडखोर होता. त्याला दोन वाटा दिल्या गेल्या, बेटावर जा किंवा राज्य चालवायला ये. त्याने राज्य निवडले. प्रश्न विचारणाऱ्यांना तो आता बेटावर पाठवतो आणि मनातून कबूल करतो की जगातली सर्वांत रसदार माणसे त्या बेटांवरच आहेत. बेट! या शब्दाशी माझे जुने देणे आहे, हे तुम्हांला आता ठाऊक आहे.

पण बाहेर काढलेला प्रत्येक माणूस थोर असतो अशी समजूत करून घेऊ नका. हक्सले तेवढा भाबडा नाही. जॉनला घेऊन बर्नार्ड लंडनला येतो तेव्हा लोक जॉनला बघण्यासाठी बर्नार्डच्या दारात रांग लावतात. कालपर्यंत या व्यवस्थेवर कुरकुरणारा बर्नार्ड लगेच खूश होतो, मिरवू लागतो. म्हणजे त्याची तक्रार व्यवस्थेविरुद्ध नव्हतीच. आपल्याला आत घेतले नाही एवढीच होती. जॉनही शेवटी स्वतःच्या शरीराला चाबकाने फोडतो आणि दीपगृहात गळफास घेतो. त्याच्यापाशीही उत्तर नाही.

हा बर्नार्ड माझ्या मनातून जात नाही, आणि त्याचे कारण आपल्या सभांतली भाषणे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ६५ टक्के, तर मुसलमानांची सुमारे ५९ टक्के असल्याचे त्याने दाखवले. आपल्याला बाहेर ठेवले जाते ही तक्रार आपण करतो, ती पुष्कळ वेळा खरी असते आणि ती केलीच पाहिजे. पण त्याच सभेतून घरी जाताना आपण आपल्यातल्या कोणाकोणाला बाहेर उभे करतो? नववीत नापास झालेल्या मुलाला काका-मामांसमोर बोलावत नाही. तोतरे बोलणाऱ्याला कार्यक्रमात नाव देत नाही. घटस्फोटित बहीण पुन्हा शिकायला निघाली की शेजारी दाराआडून बघतात. जास्त शिकलेल्या मुलीला स्थळ कसे मिळणार, असे म्हणून तिचा दाखला काढून नेणारा बाप दरवर्षी जूनमध्ये माझ्यासमोर उभा असतो. तोच बाप जुलैमध्ये समाजाच्या मागासलेपणावर बोलतो. रागावू नका, मी कोणाचे नाव घेतलेले नाही.

जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' वर थोडक्यात बोलतो, कारण ते पुस्तक पुष्कळांनी ऐकलेले आहे. ऑर्वेलचा जन्म १९०३ साली आपल्याच देशात, बिहारमधल्या मोतीहारीला झाला. कादंबरी १९४९ ची. भिंतीवरच्या पडद्यातून सरकार प्रत्येकावर नजर ठेवते, हे सर्वांना माहीत असते. लोक विसरतात ते असे की ही नजर सर्वांवर नाही. शेकडा पंच्याऐंशी लोक कष्टकरी आहेत आणि त्यांच्यावर पाळत ठेवण्याची पक्षाला फारशी गरजच वाटत नाही. त्यांना लॉटरी दिली, गाणी दिली की झाले. ते विचार करू शकतील हेच पक्षाला मान्य नाही. आपल्या मुलाच्या अभ्यासाकडे कोणाचे लक्ष नाही, तो नापास झाला तरी कोणी विचारत नाही, हे स्वातंत्र्य नव्हे, पालकहो. ती त्या पंच्याऐंशी टक्क्यांतली गणना आहे.

त्याच पुस्तकात साइम नावाचा फार हुशार माणूस आहे. तो पक्षाचाच आहे, निष्ठावंत आहे, पण त्याला जरा जास्तच स्पष्ट दिसते. एके दिवशी तो कामावर येत नाही. बुद्धिबळ समितीच्या सभासदांची यादी भिंतीवर असते. तिच्यात काहीच खोडलेले नसते, फक्त एक नाव कमी असते. आणि पार्सन्स नावाचा शेजारी तुरुंगात येतो तो आपल्या सात वर्षांच्या मुलीने चुगली केल्यामुळे. बाप झोपेत सरकारविरुद्ध बरळला ते तिने दाराच्या भोकातून ऐकले. त्या बापाला मुलीचा राग येत नाही, अभिमान वाटतो! घरात मुलांना आपण काय चांगले म्हणून शिकवतो याचा यापेक्षा कडवट दाखला मला माहीत नाही.

शेवटचे पुस्तक मुलींसाठी. कॅनडाच्या मार्गारेट अॅटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' १९८५ साली आली. त्यात धर्माच्या नावाने चालणारे एक राज्य आहे, आणि तिथे स्त्रियांना वाचायची मनाई आहे. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरेसुद्धा पुसून चित्रे काढली आहेत. ज्या बायबलच्या नावाने सगळे चालते ते बायबल पेटीत कुलूपबंद असते. घरचा पुरुष ते उघडणार आणि वाचून दाखवणार. नको असलेल्या बायकांना 'बाई नव्हेच' असे ठरवून दूरच्या वसाहतींत मरायला पाठवतात. हे ख्रिस्ती समाजातल्या एका कल्पित राज्याचे चित्र आहे, आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्या दीनची सुरुवातच वाचनाच्या आज्ञेने झाली, त्यामुळे संबंध नसावा, अशी माझीही दुआ आहे. पण पेटीला कुलूप लावण्याची युक्ती कोणत्याही घरात चालते, हे आपण मनात ठेवू.

आणि ही युक्ती ओळखणारी एक बाई आपल्यातच होऊन गेली. बंगालच्या बेगम रुकैया सखावत हुसेन. जन्म १८८०. घरी मुलींना बंगाली-इंग्रजी शिकवायची रीत नव्हती. रात्री घर निजल्यावर थोरल्या भावाने मेणबत्तीच्या उजेडात शिकवले. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात त्यांची 'सुलतानाज् ड्रीम' ही छोटी गोष्ट आली. तिच्यात बायकांचे राज्य आहे. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, आकाशातून पाणी खेचून घेतात, आणि पुरुष घरात, मर्दानखान्यात बंद! पुरुष मंडळी आता हसली. पण हसताना आपण कोणाच्या जागी आहोत हे क्षणभर जाणवले असेल. कोणाला घरात कोंडून ठेवले आहे एवढी एकच गोष्ट रुकैयांनी उलटी केली, आणि समोरचा खरा समाज आपोआप दिसू लागला. त्या नुसत्या लिहून थांबल्या नाहीत. पतीच्या मृत्यूनंतर १९०९ साली भागलपूरला पाच मुली घेऊन त्यांनी शाळा काढली. ती बंद करून गाव सोडावे लागले. १९११ साली कलकत्त्याला आठ मुली घेऊन पुन्हा काढली. ती शाळा आजही त्यांच्या पतीच्या नावाने चालू आहे.

मी सांगितलेल्या पुस्तकांपैकी ब्रॅडबरी, ऑर्वेल आणि रुकैया बेगमची गोष्ट आपल्या वाचनालयाच्या दुसऱ्या कपाटात ठेवली आहेत. दहावीपुढच्या मुलामुलींना इंग्रजी जड गेले तर शनिवारी असरनंतर मी तिथे असतो. हक्सले आणि अॅटवुड थोडे मोठे झाल्यावर वाचा.

आपला फार वेळ घेतला. एक राहिले, ते सांगून रजा घेतो.

त्या सुट्टीनंतर मी मोठा शब्दकोश उघडून 'आयलंड' पाहिला. जुन्या इंग्रजीत त्या शब्दात 'एस' नव्हताच. बेटासाठी फ्रेंचमधून आलेला दुसरा एक शब्द आहे, 'आइल'. त्याच्या मुळाशी लॅटिन शब्द आहे आणि त्यात 'एस' आहे. दोन्ही शब्द एकाच घराण्यातले असा विद्वानांचा गैरसमज झाला आणि त्यांनी याच्यातही तो घुसवला. म्हणजे ते अक्षर तिथे चुकून आलेले आहे, आणि पाचेकशे वर्षे सगळे ते मुकाट्याने लिहीत आहेत. पोराने बरोबर जागी बोट ठेवले होते.

तो मुलगा आता शहरात कॉलेजात आहे. गुणही चांगले असतात. मागच्या ईदला नमाजनंतर ईदगाहच्या फाटकापाशी भेटला, गळाभेट झाली. मी त्याला बाजूला घेऊन त्या 'एस'ची सगळी हकीकत सांगितली, आणि त्या दिवशी माझे चुकले असेही म्हटले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "बरं, सर," म्हणाला. मी थोडा वेळ थांबलो. त्याने काही विचारले नाही.